‘घाणा’ शब्द व आपले कर्तव्य

काही शब्द असे असतात की त्यांचा उच्चार होताच वर्गात हशा पिकतो. ‘घाणा’ हा त्यांपैकी एक होय. ‘घाण’ व ‘घाणा’ हे दोन शब्द कानास सारखे लागतात. म्हणून ज्यास या वस्तूची माहिती नाही, तो मुलगा घाणा म्हणजे काहीतरी गलिच्छ पदार्थ असावा असे समजून हसतो. वस्तुतः या दोहोंचा काही संबंध नाही. ‘घाण’ हा शब्द ‘घ्राण’ या संस्कृत शब्दापासून आला असे मानतात. ‘घाणा’ म्हणजे तेलबिया गाळण्याचे यंत्र, व जुन्या संस्कृत लेखांत त्यास ‘घाणक’ म्हटलेले आढळते. हशाचे कारण क्षुल्लक असले तरी त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट क्षुल्लक नाही. ज्या वस्तूने आपल्या पूर्वजांच्या घरी शेकडो वर्षे दिवा लावला, तिचे नाव त्यांच्या नातवंडांस हसण्याजोगे वाटावे, हे आम्हांस शोभत नाही. शब्दाचे निरनिराळे अर्थ हे श्रम करणाऱ्या माणसांनी भाषेस दिलेले धन आहे, आणि जो समाज त्या श्रमास हसतो तो ते धन आपल्या हातांनी उधळतो, असे आमचे मत आहे. ते या एका शब्दाच्या आधारे वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मूळ वस्तू पाहू. जमिनीत पक्के रोवलेले दगडाचे किंवा कठीण लाकडाचे मोठे उखळ. त्यात तिरपी उभी केलेली जाड लाकडी लाट. त्या लाटेस जोडलेली आडवी दांडी व तिच्यावर ठेवलेले दगडांचे ओझे. आणि त्या दांडीस जुंपलेला बैल, असा जुन्या घाण्याचा थाट असे. बैल गोल फिरू लागला म्हणजे लाट उखळात फिरते, बी तिच्याखाली चिरडते व तेल सुटू लागते. बैलास भोवळ येऊ नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर झापडे बांधीत. बी किती घालावयाचे, पाणी केव्हा व किती शिंपडावयाचे, ओझे केव्हा वाढवावयाचे, हे सारे तेली हाताच्या स्पर्शाने व नाकाने ओळखी. तेल निघाल्यावर जो चोथा उरे ती पेंड. ती गुरांच्या दावणीत जाई. जे शेतातून आले त्यातले काहीच वाया जात नसे.

प्रांताप्रांतांत बी निराळे असे. देशावर करडई, तीळ व भुईमूग, वऱ्हाडाकडे जवस, किनाऱ्यावर खोबरे, आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, खुरासणी म्हणजे कारळे. जे पीक गावात, त्याचेच तेल गावात. गावगाड्याच्या बहुतेक याद्यांत तेल्याची गणना अलुतेदारांत केलेली दिसते. रॉकेल येण्यापूर्वी देवापुढची समई, माजघरातला दिवा व स्वयंपाकाची फोडणी ही तिन्ही त्याच्या घाण्यावर अवलंबून असत.

आता हा शब्द यंत्रावरून पुढे कसा सरकला ते पाहावे. उखळात एका वेळी जेवढे बी घालावयाचे तेवढ्यासही ‘घाणा’ म्हणू लागले. “आज तीन घाणे झाले,” असे तेली म्हणे, तेव्हा त्याच्या घरी तीन यंत्रे होती असा अर्थ नसे. तीन वेळा भरून तीन वेळा गाळले, असा असे. यंत्राचे नाव मापास मिळाले. हेच माप पुढे आपल्या चुलीपाशी आले. दिवाळीत आई कढईत एका वेळी जेवढ्या करंज्या किंवा चकल्या सोडते, तो एक घाणा. “पहिला घाणा बिघडला, दुसरा चांगला उतरला,” हे वाक्य आपल्या घरी आजही ऐकू येते. जिने तेल्याचा घाणा जन्मात पाहिला नाही अशी गृहिणीही हा शब्द बिनचूक वापरते. हिंदी बोलणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांच्या घरी याच अर्थी ‘घान’ शब्द चालतो.

तिसरा अर्थ गवंड्याचा. सिमेंट आपल्याकडे येण्यापूर्वी वाडे, पूल, विहिरी व किल्ले यांचे बांधकाम चुन्यात होत असे, व तो चुना मळण्यासाठीही घाणा लागे. जमिनीत वर्तुळाकार दगडी चर बांधीत, त्यात चुना, वाळू व पाणी घालून दगडाचे जड चाक बैलाकडून फिरवीत. सह्याद्रीतील कित्येक किल्ल्यांवर असे चर व अशी चाके आजही पाहावयास मिळतात. सहलीस गेलेली मुले त्या चाकावर बसून छायाचित्र काढवितात; परंतु आपण ज्या तटावरून चालत आलो त्याचा चुना याच चाकाखाली मळला गेला असेल, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. त्यांना ते सांगणे हे बरोबरच्या वडील माणसांचे काम आहे. चौथा अर्थ उसाचा. ज्यास कोठे चरक म्हणतात, त्या ऊस गाळण्याच्या यंत्रासही पुष्कळ ठिकाणी घाणा हेच नाव आहे. तेल, चुना व उसाचा रस या तीन पदार्थांत साम्य ते काय? परंतु मध्ये खांब, भोवती बैल व खाली चिरडणारे ओझे, एवढे साम्य लोकांच्या डोळ्यांनी टिपले व एका शब्दात तिन्ही धंदे बसविले.

पाचवा अर्थ लग्नघरचा. पुष्कळ मराठी घरांत लग्नाच्या किंवा मुंजीच्या आधी ‘घाणा भरणे’ हा विधी होतो. दोन मुसळे एकत्र बांधून त्यांस आंब्याची पाने लावतात, व सुवासिनी ओव्या म्हणत उखळात हळद किंवा धान्य कांडतात. येथे तेल नाही, बैल नाही, तेलीही नाही. तरी नाव घाण्याचेच. आमच्या समजुतीप्रमाणे उखळात घालून चिरडण्याची क्रिया, आणि मंगलकार्याची सामग्री घरच्या श्रमाने सिद्ध करण्याचा भाव, या दोहोंमुळे हे नाव येथे रुजले असावे. ज्या शब्दास वर्गात हसू येते तो लग्नमांडवात मंगल मानला जातो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

सहावा अर्थ कष्टाचा, आणि तोच आज सर्वांत अधिक ऐकू येतो. ‘घाण्याला जुंपणे’ म्हणजे विश्रांतीवाचून राबविणे. ‘घाण्याचा बैल’ म्हणजे दिवसभर चालून जेथल्या तेथे राहणारा प्राणी. या अर्थास एक कठोर ऐतिहासिक आधारही आहे. अंदमानच्या सेल्युलर कारागृहात राजबंद्यांना बैलाच्या जागी जुंपून तेल काढावयास लावीत. तेथे या यंत्रास ‘कोलू’ म्हणत. दिवसाला ३० पौंड खोबरेल काढण्याची सक्ती असे. १९११ साली तेथे पाठविलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी आपल्या ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथात या शिक्षेचे वर्णन केले आहे. जे यंत्र गावात घर चालवी, तेच तुरुंगात माणसाचे मन मोडण्यासाठी वापरले गेले. दोष यंत्राचा नव्हता. माणसास बैलाच्या जागी उभे करणाऱ्या सत्तेचा होता.

‘घाण्याचा बैल’ हा वाक्प्रचार आपण एकमेकांस हिणविण्यासाठी वापरतो, तो मात्र आम्हांस अर्धाच खरा वाटतो. बैल पुढे गेला नाही हे खरे. परंतु त्याच्या चालण्याने संध्याकाळी गावात दिवे लागले, हेही तितकेच खरे. आपल्या अंबरनाथ-बदलापुरांतून पहाटेची गाडी धरून मुंबईस जाणारे व रात्री त्याच फलाटावर उतरणारे हजारो पालक आपणांस विनोदाने घाण्याचे बैल म्हणवून घेतात. त्यांच्या मुलांनी तरी तो विनोद अर्ध्यावर सोडू नये. त्या फेऱ्यांतून घरी काय येते, याचा हिशेब त्यांनी करावा.

हा शब्द किती जुना आहे, हे आता सांगितले पाहिजे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण म्हणून गाव आहे. तेथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या आरंभीचा, एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, व त्या मठास दिलेल्या दानांची नोंद त्या लेखात आहे. लेखाचा आरंभ संस्कृतात असून दानांचा तपशील लोकांच्या बोलीत, म्हणजे त्या काळच्या मराठीत, दिला आहे. त्यात असे सांगितले आहे की गावात जेवढे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठास द्यावे. विद्यार्थ्यांनो, याचा अर्थ नीट ध्यानी घ्या. मराठीच्या अगदी जुन्या लेखांपैकी एकात हा शब्द आहे, आणि तो विद्यालयाच्या दानपत्रात आहे. गणित शिकणाऱ्या मुलांच्या मठास तेल्याच्या घाण्याने तेल पुरविले. ज्या शब्दास आज शाळेत हसतात, त्याचे शाळेवर आठशे वर्षांपूर्वीचे ऋण आहे.

धंदा तर याहूनही जुना. नाशिकच्या लेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या, म्हणजे तिसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या लेखात विष्णुदत्ता नावाच्या एका स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही कारागिरांच्या श्रेणींपाशी ठेव ठेवल्याची नोंद आहे. त्या श्रेणींत ‘तिलपिषक’, म्हणजे तेल गाळणारे, हेही होते. तेल्यांचा शब्द व व्यवहार त्या काळी इतका विश्वासाचा होता की धर्मदायाचे पैसे त्यांच्या हाती निर्धास्तपणे सोपविले जात. पुढे सतराव्या शतकात चाकणचे संताजी जगनाडे झाले. ते जातीने व धंद्याने तेली. आणि तुकोबांचे अभंग लिहून ठेवण्याचे श्रेय परंपरा त्यांस देते. ज्या हातांनी घाणा चालविला त्याच हातांनी मराठीची अमोल वाणी जपली, हे ज्यास ठाऊक आहे तो तेली हा शब्द टिंगलीने कधी उच्चारणार नाही.

आपल्या कुलाबा किनाऱ्यावर, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळण्याचा धंदा करीत. त्यांच्या धर्माप्रमाणे शनिवार हा विसाव्याचा दिवस; त्या दिवशी त्यांचा घाणा थांबे. म्हणून गावकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. बाकीच्या गावाचे व्यवहार चालू असता एका घरचा बैल दर शनिवारी सुटा असे, व त्या सुट्या बैलावरून गावाने शेजाऱ्याचा धर्म ओळखला. पवित्र शास्त्रात येशूच्या अखेरच्या रात्रीच्या प्रार्थनेचे जे स्थळ सांगितले आहे, त्या ‘गेथशेमाने’ या नावाचा मूळ अर्थही तेलाचा घाणा असाच आहे. जैतुनाचे तेल जेथे गाळीत तेथला तो मळा. एका साध्या धंद्याचे नाव पृथ्वीच्या दोन टोकांस माणसांच्या धर्मजीवनात असे गुंतलेले पाहून कोणाचेही मन नम्र व्हावे.

आता आपल्या तीन गावांकडे वळू. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० चे. बदलापूर हे जुन्या वाटेवरचे गाव. आणि उल्हासनगर हे त्या मानाने अगदी नवे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस आसरा मिळाला, व ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. या तिन्ही गावांत कोकण, देश, खानदेश, वऱ्हाड, सिंध, गुजरात, कर्नाटक अशा नाना ठिकाणांहून माणसे आली. म्हणून आमच्या एका वर्गात जेवढ्या बोली बसतात तेवढ्या एखाद्या जुन्या गावात साऱ्या मिळूनही नसतात. या मुलांनी ‘घाणा’ शब्द घरी विचारून पाहावा. सिंधी आजोबा ‘घाणो’ म्हणतील. गुजराती आजी ‘घाणी’ म्हणेल. कन्नड घरात ‘गाण’ हा शब्द निघेल व तेल्यास ‘गाणिग’ म्हणतात असे कळेल. तेलुगू घरात ‘गानुग’ ऐकू येईल. देशाच्या फाळणीने माणसे घरांवेगळी झाली, परंतु सिंधमधील शब्द व सह्याद्रीतील शब्द हे येथे एकाच बाकावर शेजारी येऊन बसले. आपण निरनिराळ्या मुलखांतले आहो असे मुलांस वाटते. त्यांच्या आजोबांच्या घाण्यांस मात्र एकच कुळीचे नाव होते.

येथे काही सुज्ञ पालक विचारतील की जी वस्तू व्यवहारातून गेली तिचे नाव मुलांच्या डोक्यात कशास भरावे? परीक्षेस ते येत नाही, नोकरीस उपयोगी पडत नाही. हा प्रश्न रास्त आहे व त्यास उत्तर दिले पाहिजे. बैलाचा घाणा बहुतेक ठिकाणी बंद पडला, कारण गिरणीतली पोलादी यंत्रे थोड्या वेळात अधिक तेल काढू लागली व पेंडीत तेल कमी राहू लागले. हा बदल कोणाच्या दुष्टपणाने झाला नाही. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली घाणी तयार केली. धंदा टिकावा म्हणून असे थोर प्रयत्न झाले, तरी गिरणीचा वेग त्यास आवरता आला नाही. बैलास पुन्हा जुंपावे असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे शब्दापुरते आहे. वस्तू जाते तेव्हा तिच्याबरोबर शब्दाचा पहिला अर्थ जातो, आणि बाकीचे अर्थ मूळ तुटलेल्या वेलीसारखे लोंबत राहतात. मग मुलगा ‘घाणा’ शब्द आईच्या कढईपाशी ऐकतो, किल्ल्यावर ऐकतो, लग्नात ऐकतो, व हे तीन निराळे शब्द आहेत असे समजतो. त्यास भाषा पाठ करावी लागते, समजत नाही. ज्यास मूळ ठाऊक आहे त्यास एक शब्द शिकून सहा अर्थ मिळतात. हा लाभ परीक्षेसही थोडा नव्हे.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. घाणा हा शब्द आता बाजारात पुन्हा आला आहे. ‘लाकडी घाण्याचे तेल’ अशा पाट्या आज शहरांतून दिसतात, व पुष्कळ गृहिणी चार पैसे अधिक देऊन ते तेल घेतात. आता बैलाच्या जागी विजेची मोटार आहे. त्यास आमची हरकत नाही. लाकडी उखळात लाट सावकाश फिरत असेल तर त्यास घाणा म्हणणे योग्यच आहे, कारण शब्दाने नवे रूप पूर्वीही अनेकदा धारण केले आहे. परंतु आत पोलादी यंत्र आणि बाटलीवर मात्र घाणा, असे कोठे झाले तर तो शब्दाचा व गिऱ्हाइकाचा दोघांचाही अपराध होईल. हा भेद कोण ओळखील? ज्यास घाणा म्हणजे काय हे ठाऊक आहे तोच. ज्या समाजास आपल्या शब्दांचे अर्थ माहीत नाहीत, त्यास कोणीही शब्द दाखवून काहीही विकू शकतो.

तिसरे कारण शीलाचे आहे. आपल्या समाजात धंद्यांची नावे शिव्यांसारखी वापरण्याची वाईट खोड फार दिवसांची आहे. तेली वाटेत दिसला तर अपशकुन मानणारेही लोक होते, आणि त्याच तेल्याच्या तेलाने त्यांच्या देवापुढचा दिवा जळत होता! असा अविचार मुलांच्या कानी पडू नये, व पडलाच तर त्यांनी तो पुढे चालवू नये. खेळाच्या मैदानात कोणी कोणास धंद्याच्या किंवा जातीच्या नावाने चिडवील, तर जवळ उभ्या असलेल्या मुलाने पाटणचा शिलालेख व संताजींचे नाव आठवावे आणि तेथल्या तेथे त्यास थांबवावे.

यावर उपाय काय? शब्दकोशकारांनी आपले काम केले आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व १८५७ साली त्याची वाढविलेली आवृत्ती झाली. पुढे दाते व कर्वे यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांत घाणा आहे, लाट आहे, पेंड आहे. परंतु कोशात शब्द राहणे हे पेटीत बी ठेवण्यासारखे आहे. ते पेरले तरच पीक येते. ते पेरण्याची जागा घर व शाळा ही होय.

म्हणून आम्ही सुचवितो की येत्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक कोरी वही घ्यावी व घरातल्या सर्वांत वडील माणसापाशी बसावे. त्यांच्या गावी कोणता धंदा चाले, त्यातल्या हत्यारांस काय म्हणत, त्या शब्दांवरून कोणत्या म्हणी निघाल्या, हे विचारून त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावे. सिंधी, गुजराती, कन्नड मुलांनी आपापल्या बोलीतले शब्द तसेच लिहावे; ते मराठी विभागात उपरे ठरणार नाहीत. पालकांस आमची विनंती एवढीच की मुलगा विचारावयास येईल तेव्हा, “आता त्याचे काय करायचे आहे?” असे म्हणून त्यास परतवू नये. आजीस आज जो शब्द ठाऊक आहे तो उद्या कोणास विचारावा, असा प्रसंग प्रत्येक घरावर येतो, व तो कळवून येत नाही. शंभर मुलांनी दहा-दहा शब्द आणले तर हजार शब्द होतील. त्यांतले निवडक शब्द अशा अंकांतून छापता येतील, व त्यांच्यापुढे सांगणाऱ्याचे गाव व धंदा मानाने लिहिता येईल. चाकणच्या एका तेल्याने तुकोबांची वाणी लिहून ठेवली म्हणून ती आपणांपर्यंत पोहोचली; आपल्या वडील माणसांची वाणी लिहून ठेवण्यास आपणांस एक वही व थोडी सवड पुरेल.